स्पीडटेस्टला पूर्ण स्पीड, तरी रात्री सीएस२ मध्ये पिंग उडतो: राउटर घ्यावा, प्लॅन वाढवावा की बूस्टर?

अंबानगरी_०७२१ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अमरावतीत फायबर आहे, १०० एमबीपीएसचा प्लॅन. स्पीडटेस्टला खाली ९५-९६ आणि वर २० मिळतात. काउंटर-स्ट्राइक २ (सीएस२) हा ऑनलाइन बंदुकांचा गेम खेळतो. दुपारी पिंग (सर्व्हरकडे जाऊन यायचा वेळ) ३२ ते ३५ मिलिसेकंद असतो, मॅच नीट होते. रात्री नऊनंतर मात्र ३५ वरून थेट १८०, कधी २५०, आणि थोड्या वेळाने परत खाली. भिंतीआड पोचलो तरी मेलेलोच असतो. राउटर हॉलमध्ये, पीसी आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती, आणि सगळं वाय-फायवर. घरात चार फोन, एक टीव्ही, शिवाय भावाचं ऑफिसचं काम घरूनच चालतं.

ग्रुपवर तीन सल्ले मिळाले: आठ-नऊ हजारांचा गेमिंग राउटर घे, महिन्याच्या वर्गणीचं पिंग बूस्टर ॲप घे, नाहीतर २०० चा प्लॅन कर. एकाने डीएनएस बदलायला सांगितलं. यातलं आधी काय करावं?

दुसरं असं की पिंग उडाला की टीममेट शिव्या देतात, दोनदा किक पण केलं. यावर काय करता?

आणि तिसरं. गेमचं प्राइम (पैसे देऊन मिळणारा दर्जा) घेतलेलं आहे. ग्रुपमधले सगळे केस (चावी विकत घेऊन उघडायच्या नशिबाच्या पेट्या) उघडतात, म्हणून महिन्याला हजारेक रुपये टाकायचा विचार आहे. त्यातून निघालेल्या स्किन (गेममधल्या हत्यारांची सजावट) नंतर विकता येतात म्हणतात, म्हणजे पैसे परत येतात का? भाऊ लोकांनी नीट हिशेब करून सांगावं.

पॅकेट_पोचलं_का

आज काहीही विकत घेऊ नका. आधी मोजा, कारण तुमच्या वर्णनात तीन वेगळे आजार बसू शकतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

प्लॅन वाढवून पिंग का कमी होत नाही ते आधी सांगतो. सीएस२ सारखा गेम तासाला फार तर काहीशे एमबी डेटा वापरतो. १०० च्या लाइनला ते काहीच नाही. पिंग म्हणजे पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, आणि तो अंतरावर आणि वाटेतल्या रांगांवर ठरतो. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. गेमचा जवळचा सर्व्हर मुंबईत. अमरावती ते तिथे केबल फिरून-वळून ८०० किलोमीटर धरली तरी जाऊन-येऊन ८ मिलिसेकंद होतात. वरचे २५ तुमच्या कंपनीची उपकरणं आणि वळसे खातात. ३२-३५ हा आकडा ठीक आहे, त्याच्या मागे लागू नका. ३५ चे १८० होतात तेव्हा मुंबई लांब गेलेली नसते, कुठेतरी रांग लागलेली असते. ती रांग कुठे आहे तेवढंच शोधायचं.

रात्री साडेनऊला, म्हणजे त्रास असतानाच, हे करा:

कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाका आणि डीफॉल्ट गेटवेसमोरचा पत्ता बघा. बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा तसाच असेल. हा तुमचा राउटर. आता कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी-शेजारी ठेवा. एकीत राउटरला पिंग लावा, दुसरीत ८.८.८.८ ला (हा घराबाहेरचा, गूगलचा सर्व्हर), दोन्हींना शेवटी मायनस टी द्या म्हणजे थांबवेपर्यंत चालू राहील. दहा मिनिटं गेम खेळा, मग कंट्रोल-सी दाबून दोन्हींचे आकडे बघा.

राउटरचाच पिंग उडत असेल (१-४ वरून ८०-१५०) तर दोष वाय-फायचा. तो भाग घरातच आहे, कंपनीला फोन करून उपयोग नाही.

राउटर स्थिर आणि ८.८.८.८ उडत असेल तर एक तर घरातलं कोणी अपलोड भरून टाकतंय, नाहीतर संध्याकाळी कंपनीच्या पुढच्या लाइनवर गर्दी होते. यातला फरक ओळखायला घरातली बाकी सगळी उपकरणं वाय-फायवरून काढा आणि पुन्हा मोजा. तरीही उडाला तर कंपनी.

दोन्ही स्थिर आणि गेमच अडकत असेल तर तो लॅग (नेटची दिरंगाई) नाही, फ्रेम ड्रॉप आहे, म्हणजे पीसीलाच चित्र वेळेत काढता येत नाही. सेटिंगमध्ये गेम या टॅबखाली टेलिमेट्री आहे. तिथे फ्रेम टाइम (एक चित्र काढायला लागणारा वेळ), पिंग आणि नेटवर्कच्या अडचणी तिन्ही सतत दिसतील असं ठेवा. फ्रेम टाइम उडत असेल तर कितीही भारी राउटर लावा, काही होणार नाही.

ट्रेसरूट (पॅकेटच्या वाटेतले टप्पे दाखवणारी कमांड) काढून मधल्या एखाद्या टप्प्यावर तारे दिसले म्हणून घाबरू नका. बरीच उपकरणं असल्या विनंतीला उत्तरच देत नाहीत किंवा सावकाश देतात. शेवटचा टप्पा नीट असेल तर मधलं सोडून द्या. शिवाय गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हचे मॅचमेकिंग सर्व्हर त्यांच्या स्वतःच्या रिलेमागे (पॅकेट पुढे पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरांमागे) लपलेले असतात, त्यामुळे खऱ्या सर्व्हरला ट्रेस लावताच येत नाही. बूस्टर ॲपचा इथे फारसा फायदा होत नाही तोही यामुळेच. तुमचं पॅकेट जवळच्या रिलेपाशी पोचलं की पुढचा रस्ता तेच ठरवतात. तुमच्या कंपनीचा रस्ता उगाच दुसऱ्या शहरातून फिरून येत असेल अशाच प्रकरणात बूस्टर काम करतं, आणि तेव्हा पिंग दिवसभर जास्त असतो. तुमचा दुपारी ३२ आहे.

डीएनएस फक्त नावावरून पत्ता शोधून देतं. मॅच सुरू झाल्यावर त्याचं काम संपलेलं असतं. बदलून नुकसान नाही, पिंगमध्ये फरकही नाही.

गच्चीवरची_वायर

वरच्यांनी मोजायला सांगितलंय ते कराच, पण दोन भिंतींआडून वाय-फायवर शूटर खेळताय म्हटल्यावर लॅन केबल लागणारच. ती आधी टाका, म्हणजे मोजमापातला एक संशयित कायमचा जाईल.

केबल कॅट ६ घ्या, शुद्ध तांब्याची. बाजारात सीसीए नावाची स्वस्त केबल मिळते, आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी चमकली तर ठेवून द्या. ती वळणावर तुटते आणि कनेक्टरमध्ये काही महिन्यांत सैल होते. चांगली केबल मीटरला २०-३० रुपये पडते. हॉल ते खोली २० मीटर धरा, दोन कनेक्टर, क्रिम्पिंगची (टोकाला कनेक्टर दाबून बसवायची) मजुरी, भिंतीला मारायच्या क्लिपा. सगळं मिळून हजाराच्या आत बसतं. १०० मीटरपर्यंत लांबीने फरक पडत नाही, त्यामुळे दाराच्या चौकटीवरून फिरवून न्यायला हरकत नाही. विजेच्या वायरच्या पाइपातून मात्र ओढू नका, समांतर न्यायची झाली तर वीतभर अंतर ठेवा.

स्वतः क्रिम्प करणार असाल तर दोन्ही टोकांना एकच क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची पट्टी खालच्या बाजूला, सोन्याचे दात वर आणि केबल घालायचं तोंड आपल्याकडे धरून डावीकडून सुरुवात. तारा दातांपर्यंत पूर्ण पोचल्यात ना ते कनेक्टरच्या तोंडाकडून बघा, आणि वरचं आवरण कनेक्टरच्या आत गेलेलं असू द्या. आवरण बाहेर राहिलं की ओढ थेट बारीक तारांवर येते, आणि केबल बिघडते ती इथेच.

लावून झाल्यावर विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. पीसी आणि राउटर दोन्ही गिगाबिटचे असतील तर १००० दिसायला हवा. १०० दिसला तर निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार लागलेली नाही. १०० वर फक्त केशरी आणि हिरवी जोडी वापरली जाते, त्यामुळे नेट चालतं आणि दोष लपून राहतो.

घरमालक भिंतीला हात लावू देत नसेल तर निदान एवढं करा. पीसी ५ गिगाहर्ट्झवर, फोन आणि टीव्ही २.४ वर. ५ मध्ये चॅनल ३६ ते ४८ पैकी एक हाताने निवडा, ऑटोवर ठेवू नका. २.४ वापरायचाच असेल तर १, ६ किंवा ११. मधले चॅनल दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांवर आदळतात. राउटर टीव्हीच्या मागे किंवा कपाटात असेल तर बाहेर काढून उंचावर ठेवा. विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे ॲडॉप्टर आपल्याकडे बेभरवशाचे आहेत. इन्व्हर्टर आणि वेगवेगळ्या फेजमध्ये विभागलेल्या घरात ते कधी चालतात, कधी नाही.

आणखी एक गोष्ट कोणी बघत नाही. राउटरच्या पानावर पॉनच्या (फायबर लाइनच्या) माहितीत आरएक्स पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, असा आकडा असतो. उणे १५ ते उणे २४-२५ डीबीएम असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ च्या आसपास गेला की पॅकेट गळायला लागतात आणि लाल दिवा लागायच्या बेतात असतो. बहुतेक वेळा पिवळी पॅचकॉर्ड कपाटामागे दुमडलेली असते, नाहीतर टोकाला धूळ असते. टोक बोटाने किंवा शर्टाने पुसू नका, आणि चालू फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका. लाइनमनकडे साफ करायचा पेन असतो, त्यालाच करू द्या.

अंबानगरी_०७२१

धन्यवाद भाऊ. शेजारून २० मीटरची केबल आणून तात्पुरती टाकली आणि मोजलं.

वाय-फायवर राउटरचा पिंग २ ते ५, पण मधूनच ९०-१४०. केबलवर कायम १ किंवा त्याहून कमी. लिंक स्पीड १००० दाखवतोय. आरएक्स पॉवर उणे २१.

पण केबल लावूनसुद्धा ८.८.८.८ साडेनऊ-दहाच्या सुमारास १६०-१७० ला जातो, काही मिनिटं तिथेच राहतो, मग उतरतो. बाकी सगळे वाय-फायवरून काढले तर ३३ वर स्थिर. म्हणजे घरातलंच कोणीतरी ना?

पॅकेट_पोचलं_का

हो, घरातलंच. दोन आजार होते, एक केबलने गेला. दुसरा अपलोडचा आहे.

रात्री फोन चार्जिंगला लागले की फोटो-व्हिडिओंचा बॅकअप सुरू होतो, भावाचा लॅपटॉप दिवसभराच्या फायली वर चढवतो. तुमचा अपलोड २० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला अडीच एमबी. बॅकअप तो पूर्ण व्यापतो आणि उरलेली पॅकेटं राउटरच्या मेमरीत रांगेत थांबतात. रांगेत ३३० केबी साचले की शेवटच्या पॅकेटला बाहेर पडायला १३२ मिलिसेकंद लागतात. त्यात मूळचे ३३ मिळवले की तुम्ही मोजलेला आकडा येतो. तुमच्या गोळीचं पॅकेट जेमतेम शे-दोनशे बाइटचं असतं, पण टोलनाक्यावर ट्रकांमागे अडकलेल्या स्कूटरसारखं त्याला थांबावंच लागतं. याला बफरब्लोट म्हणतात. स्पीडटेस्टच्या मोठ्या आकड्यात तो दिसत नाही. टेस्ट चालू असतानाचा, म्हणजे लोडेड पिंग दाखवणारी टेस्ट असेल तर तिथे दिसतो.

खात्री करायची तर दुपारी, पिंग ३३ असताना, फोनवरून एक जीबीचा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावा आणि ८.८.८.८ ची खिडकी बघत राहा. चढायला लागल्याबरोबर पिंग वर जाईल, थांबवल्यावर एक-दोन सेकंदांत उतरेल.

उपाय, स्वस्तापासून सुरू करतो.

फुकटचा उपाय: चारही फोनांत बॅकअपची वेळ किंवा अट बदला. वेळ ठरवता येत नसेल तर नऊ ते बारा हाताने बंद ठेवा. लॅपटॉपवर वनड्राइव्ह असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा घालता येते, तिथे सेकंदाला ५०० केबी टाका. पीसीवर स्टीमचे (सीएस२ जिथून घेता त्या गेमच्या दुकानाचे) डाउनलोड मॅच चालू असताना थांबलेले राहतील हा पर्याय आहे, तो तसाच असू द्या.

दुसरा, तोही फुकट: कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये बँडविड्थ कंट्रोल असेल तर पीसी सोडून बाकी उपकरणांचा मिळून अपलोड १४-१५ वर अडवा. बऱ्याच राउटरांत ही सोय नसते, किंवा कंपनीने लपवून ठेवलेली असते.

तिसरा, पैसे लागतात पण कायमचा: एसक्यूएम करणारा, म्हणजे पॅकेटांची रांग हुशारीने सांभाळणारा राउटर. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारं एखादं मॉडेल तीन-चार हजारांत मिळतं. त्यात केक किंवा एफक्यू-कोडेल (रांग सांभाळायच्या दोन पद्धती) निवडायचं आणि वेग लाइनच्या ९० टक्के टाकायचा, तुमच्यासाठी खाली ८६ आणि वर १८. दहा टक्के सोडायचे ते यासाठी की रांग कंपनीच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागावी. इथे लहान पॅकेटांना वाट मिळते. ९५ टाकलात तर रांग परत पलीकडे जाते आणि सगळा उपद्व्याप फुकट जातो. घेण्याआधी ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत मॉडेलचं नाव आणि व्हर्जन दोन्ही जुळवून बघा, कारण एकाच नावाच्या राउटरच्या दोन व्हर्जनांत चिप वेगळी असते. आणि कंपनीला आधी विचारा की त्यांचा डबा ब्रिज मोडवर (राउटरचं काम तुमच्या राउटरवर सोडून) टाकून देतील का.

खोक्यावर गेमिंग लिहिलंय, चार अँटेना आहेत, लाल दिवे आहेत, याला काही अर्थ नाही. सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा नीट चालणारं ॲडॅप्टिव्ह क्यूओएस (कोणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) आहे का, एवढंच बघायचं.

गेममधलं बफरिंगचं सेटिंग पण बघा. पॅकेट गळती किंवा जिटर (पॅकेटं मागे-पुढे येणं) झाकायला एक किंवा दोन पॅकेट राखून ठेवायचा पर्याय आहे. सीएस२ चा सर्व्हर सेकंदाला ६४ टिकने (ठोक्यांनी) चालतो, त्यामुळे प्रत्येक राखीव पॅकेटमागे तुम्ही १५.६ मिलिसेकंद स्वतःच वाढवून घेता. लाइन नीट झाली की ते 'नन'वर ठेवा.

शेवटचा_राऊंड

टीमच्या प्रश्नावर बोलतो. इथे बराचसा त्रास सवयींनी कमी होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी करावा लागतो.

मित्रा, तू भिंतीआड पोचून मरतोस ते समोरच्याची चीटिंग नसते. त्याने गोळी झाडली तेव्हा त्याच्या स्क्रीनवर तू अजून उघड्यावर होतास, आणि सर्व्हर मागे जाऊन तेच दृश्य तपासतो. तुझा पिंग जितका जास्त तितका हा फरक मोठा. म्हणून पिंग ८०-९० च्या वर असेल त्या मॅचला कोपरा धरून उभा राहू नकोस. येणारा तुला आधीच बघून बसलेला असतो आणि तो तुझ्या स्क्रीनवर उशिरा पोचतो. दुसऱ्या नंबरने आत जा, ट्रेड घे (पुढच्या साथीदाराला मारणाऱ्याला लगेच टिप), स्मोक-फ्लॅश तू टाक. एडब्ल्यूपी (लांब पल्ल्याची स्नायपर) त्या दिवशी दुसऱ्याला दे.

पिंग उडायला लागला की पहिल्याच राऊंडला एक ओळ बोल: 'नेट उडतंय, मी बी साइट धरत नाही, सपोर्टला राहतो.' आधी सांगितलेल्याला लोक सांभाळून घेतात. पाच राऊंड गप्प राहून मग 'लॅग आहे यार' म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. टॅब दाबला की पिंग सगळ्यांना दिसतो, त्यामुळे ३५ दिसत असताना लॅगचं नाव सांगितलंस तर पुढच्या वेळी खरं असलं तरी ऐकणार नाहीत.

नेट खराब आहे हे माहीत असताना प्रीमियर किंवा कॉम्पिटिटिव्हला (रँक ठरवणाऱ्या मॅचना) रांग लावू नकोस. अर्ध्यात सुटलास तर कूलडाउन (खेळायला तात्पुरती बंदी) आधी ३० मिनिटं, मग २ तास, मग २४ तास, मग ७ दिवस असा चढत जातो, आणि बाकी चौघांची मॅच जाते. अशा रात्री डेथमॅच खेळ. लाइट जाण्याचा प्रश्न असेल तर राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लाव, दीड-दोन हजारांत येतो. इन्व्हर्टरवर बदलताना राउटर क्षणभर बंद पडला तर परत लाइनवर यायला दोन-तीन मिनिटं घेतो, तेवढ्यात दोन राऊंड जातात. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर की २, ते वाचून घे.

शिव्या देणाऱ्याला उत्तर देऊ नकोस. स्कोअरबोर्डवरून म्यूट कर, रिपोर्ट कर, खेळत राहा. माइक पुश-टू-टॉकवर ठेव. पंखा आणि कुकरची शिट्टी सतत ऐकू येणं हेही किक होण्याचं कारण ठरतं. आणि शक्य असेल तितकं पाच जणांची स्वतःची लॉबी करून खेळ. ओळखीचे लोक नेट गेल्यावर वाट बघतात.

एक सेटिंग: मॅक्स ॲक्सेप्टेबल मॅचमेकिंग पिंग. ते मुळात १५० वर असतं, त्यामुळे दुबई किंवा सिंगापूरचा सर्व्हर तुला चालतो असं धरलं जातं. अमरावतीहून ६०-७० वर आण. मग मुंबई आणि चेन्नई राहतात. अपरात्री मॅच मिळायला वेळ लागेल, तेवढं धरून चाल.

शारजाहून_सदाशिव

या सेटिंगबद्दल एक शंका. आम्ही तिघे इकडे आखातात, दोघे पुण्यात. कोणाची मर्यादा किती ठेवायची?

शेवटचा_राऊंड

पुण्याच्या दोघांना ७० ठेवून चालणार नाही. पाचही जणांनी ९०-१०० ठेवा, म्हणजे दुबई आणि मुंबई दोन्ही उघडे राहतात. समुद्राखालची केबल नीट असते तेव्हा ४०-६० मध्ये भागतं. जर्मनीतला कोणी लॉबीत आला तर मुंबईला त्याचा पिंग ११० च्या वर राहणारच, ते अंतर आहे, कोणताही राउटर ते कमी करणार नाही. त्याच्यासोबत कॅज्युअल खेळा.

पै_न_पै

तिसरा प्रश्न राहिला आणि पैसे सगळ्यात जास्त तिथेच जाणार आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी केस. चीनमध्ये शक्यता जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे तिथल्या प्रकाशकाने २०१७ मध्ये आकडे दिले: निळी स्किन ७९.९२ टक्के, जांभळी १५.९८, गुलाबी ३.२, लाल ०.६४ आणि सुरी किंवा हातमोजे ०.२६ टक्के. म्हणजे सरासरी ३८५ केसांमागे एक सुरी. चावी २.४९ डॉलरची. ३८५ चाव्यांचे सुमारे ९५९ डॉलर, केसची किंमत वेगळी. आणि ३८५ उघडल्या म्हणजे सुरी मिळालीच असं नाही. गणित केलं तर एवढ्या उघडूनही शंभरातल्या ३७ जणांच्या हाती सुरी येत नाही. मागच्या शंभर रिकाम्या गेल्या म्हणून पुढची लागायची शक्यता वाढत नाही, दर वेळी तीच ०.२६. तुमच्या हजार रुपयांत महिन्याला चार-पाच चाव्या होतात. त्यातल्या बहुतेकांतून जे निळं बाहेर येतं ते सहसा चावीच्या किमतीलाही विकलं जात नाही.

आता 'विकून पैसे परत'. स्टीम मार्केटवर सीएस२ च्या वस्तूवर १५ टक्के जातात, ५ स्टीमचे आणि १० गेमचे. घेणाऱ्याने १,००० दिले तर तुम्हाला साधारण ८७० मिळतात. हजाराला घेतलेली स्किन १,१५० ला गेली तरच तुम्ही जिथल्या तिथे. आणि ते ८७० तुमच्या बँकेत येत नाहीत, स्टीम वॉलेटमध्येच राहतात. त्यातून गेम घ्या, स्किन घ्या, किराणा घेता येत नाही. बाहेरच्या साइटवर विकून रोख मिळते खरी, पण तिथे फसवणूक झाली तर दाद मागायला कोणी नाही.

भाव कोणाच्या हातात आहे तेही बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका अपडेटने पाच लाल स्किन देऊन सुरी किंवा हातमोजे घ्यायची सोय केली आणि बऱ्याच सुऱ्यांचे भाव एका दिवसात कोसळले. नियम बदलायला व्हॉल्व्हला कोणाला विचारावं लागत नाही. स्किन तुमच्या मालकीची नसते, वापरायचा परवाना असतो. आवडली म्हणून घ्यायची तर थेट मार्केटवरून तीच एक घ्या, किंमत समोर दिसते. केसमधून शोधू नका. प्राइम आहे म्हणून आठवड्याला जो ड्रॉप (फुकट वस्तू) मिळतो त्यात केस आला तर न उघडता विका. ते पैसे साठवून सेलमध्ये एखादा गेम निघतो.

परताव्याचे नियम पाठ ठेवा. स्टीमवर गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत. व्हॉल्व्हच्या गेममधली वस्तू ४८ तासांच्या आत, तीही वापरलेली, बदललेली किंवा दुसऱ्याला दिलेली नसेल तर. केसला लावलेली चावी वापरलेली धरतात.

आता छुपे खर्च. बूस्टरसारखी वर्गणी डॉलरमध्ये असेल तर कार्डावर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप (परकीय चलनाचं शुल्क) आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, मिळून ४.१३ टक्के वर जातात. परदेशी विक्रेत्याने रुपयांत पैसे घेतले तरी काही बँका १ टक्का लावतात. स्टीमवर यूपीआय चालतं, तिथे हा प्रश्न येत नाही. ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेटमध्ये जाऊन ती रद्द करावी लागते. १५,००० पर्यंतच्या आवर्ती रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, पण पैसे जायच्या २४ तास आधी सूचना येते. ती सूचना वाचा.

'नो कॉस्ट ईएमआय' वर मॉनिटर किंवा ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्यांसाठी: २४,००० ची वस्तू, ६ हप्ते ४,००० चे. बँक आतून १६ टक्क्यांनी व्याज लावते, ते साधारण १,०८० होतं, आणि दुकानदार तेवढी सूट आधी देतो म्हणून व्याज नाही असं दिसतं. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, १९४ रुपये, तुम्हीच भरता. प्रक्रिया शुल्क १९९ धरलं तर करासह २३५. वर ४२९ गेले. रोख घेतल्यावर मिळणारी सूट हुकली तर तीही यात मिळवा.

आणि वीज. खेळताना पीसी-मॉनिटर मिळून ३५० वॉट खात असेल तर रोज ३ तासांचे महिन्याला साडेएकतीस युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर ३७८ रुपये. महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, त्यामुळे घराचा वापर २९० च्या आसपास असेल तर ही युनिटं वरच्या दराने पडतात. दर स्वतःच्या बिलावरून घ्या.

तुमचा वर्षाचा हिशेब मांडतो. ग्रुपच्या सल्ल्याने गेलात तर राउटर ९,०००, बूस्टर महिन्याला ३०० धरून ३,६००, केस १२,०००. एकूण २४,६००, आणि बॅकअप चालू झाला की पिंग बहुधा तसाच. इथल्या सल्ल्याने केबल हजाराच्या आत, आणि बॅकअपच्या वेळा बदलून भागलं नाही तरच चार हजारांचा राउटर.

पॅकेट_पोचलं_का

वरच्यात थोडी भर, कारण केस आणि स्किन म्हटलं की फसवणूक येतेच.

'आमच्या टीमला मत दे', 'चुकून तुझा रिपोर्ट केला', 'नायट्रो (डिस्कॉर्डची सशुल्क सोय) फुकट' अशा लिंकवरून स्टीमचं लॉगिन मागितलं तर तिथेच थांबा. खोटी लॉगिन खिडकी बऱ्याचदा पानाच्या आतच काढलेली असते. ती धरून ब्राउझरच्या बाहेर ओढून बघा, बाहेर येत नसेल तर ती चित्र आहे. एकदा लॉगिन हाती लागलं की ते तुमच्या खात्यावर एपीआय की (प्रोग्रॅमला खातं वापरू देणारी किल्ली) तयार करतात, तुमचा खरा ट्रेड (वस्तूंची अदलाबदल) रद्द करतात आणि तेच नाव-फोटो लावलेल्या दुसऱ्या खात्याकडून तसाच ट्रेड पाठवतात. तुम्ही मोबाइलवर बघून होकार देता आणि वस्तू जाते. एपीआय कीचं पान उघडून बघा. तुम्ही बनवलेली नसताना तिथे की दिसली तर ती रद्द करा, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, पासवर्ड बदला, ट्रेड लिंक नवी घ्या. हे चारही करायचं. पासवर्ड बदलून की तशीच ठेवली तर चोर आतच असतो.

स्वस्तात टॉप-अप देणाऱ्यांचे पैसे बऱ्याचदा चोरीच्या कार्डाचे असतात. मूळ मालकाने तक्रार केली की रक्कम परत खेचली जाते आणि खातं तुमचं अडकतं. स्किन लावून जुगार खेळवणाऱ्या साइटपासून लांब राहा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने बंदी आहे. बँकेतून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

अंबानगरी_०७२१

चारही फोनांचे बॅकअप रात्री एकनंतर टाकले, भावाच्या वनड्राइव्हला मर्यादा घातली. काल साडेनऊ ते अकरा ८.८.८.८ चा पिंग ३२ ते ३८. केस उघडायचं रद्द. आता शेजाऱ्याची केबल परत द्यायची आहे, नवी २० मीटरच घेऊ का? मोजलं तर बरोबर १९ भरते.

गच्चीवरची_वायर

२२ घ्या. दोन्ही टोकांना एकेक मीटरचा वेटोळा सोडा, म्हणजे कनेक्टर खराब झाला तर कापून नवा मारता येतो. वेटोळा तळहाताएवढा मोठा ठेवा, घट्ट गुंडाळून टाय मारू नका. दाराच्या चौकटीपाशी केबल पल्ल्यात चेपत नाही ना ते दार दोन-चारदा पूर्ण लावून बघा आणि मगच तिथली क्लिप ठोका.